खाऱ्या हवेतला गाळा : वायरिंग आणि रंगकाम

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. मीरा-भाईंदरमधल्या उत्तन, पाली, चौकच्या होड्या वर ओढल्या जातात, इंजिने खाली उतरतात, जाळी दुरुस्तीला निघतात. घराला लागून काढलेला छोटा गाळा वर्षभरात सगळ्यात जास्त वापरात येतो तो याच दोन महिन्यांत, आणि त्याच्या भिंती सगळ्यात ओल्या असतात त्याही याच दोन महिन्यांत. ग्राइंडर, ड्रिल, कॉम्प्रेसर, वेल्डिंग अशी विजेची सगळी कामे भर पावसात, दमट कोब्यावर उभे राहून आणि बऱ्याचदा ओल्या हातांनी होतात. पालीत ज्याने नवा गाळा बांधला आहे त्याने वायरिंगचा आणि रंगाचा हिशेब इथून मांडावा. तुमच्या गाड्या-स्कूटर त्यात राहोत, सुतारकाम चालो की होडीची मशीन खोलली जावो, हवा सगळ्यांना सारखीच खारी आहे.

म्हणून पहिली गोष्ट वेळेची. गिलावा दिवाळीच्या आसपास पुरा झाला तर पुढचे सगळे सोपे जाते. सात-आठ दिवस पाणी मारून झाले की निदान २८ दिवस भिंतीच्या वाटेला जाऊ नये. हे २८ दिवस सिमेंट मुरण्याचे झाले. भिंत वाळायला त्याहून जास्त लागतात. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या विटांच्या किंवा सिपोरेक्सच्या भिंतीला पोटातला ओलावा सोडायला दोन-अडीच महिने धरावेत. रंगारी भिंतीवर हात फिरवून ‘वाळली’ म्हणतो, पण हाताला लागतो तो फक्त वरचा पापुद्रा. त्यापेक्षा दोन फूट चौरस जाड प्लास्टिकचा तुकडा चारही कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर डकवा आणि दुसऱ्या दिवशी काढा. आतून दव धरले असेल किंवा त्याखालची भिंत आजूबाजूपेक्षा गडद दिसत असेल तर रंगाचे डबे अजून उघडू नका. ही तपासणी जमिनीपासून एक फुटावर आणि डोक्याच्या उंचीवर अशी दोन ठिकाणी करावी, कारण ओल खालून चढते.

जानेवारीअखेर प्रायमर आणि रंगाचा पहिला हात, फेब्रुवारीत वायरिंग, मार्चात रंगाचा शेवटचा हात, एप्रिलमध्ये शटर आणि जमीन, असा क्रम लागला तर मे महिना हाताशी उरतो. तो लागतोच.

ज्यांचा गिलावा अजून व्हायचा आहे त्यांच्यासाठी एक सूचना. दारासमोर वाळू पसरलेली असते, म्हणून ती उचलून वापरायचा मोह होतो. तो टाळा. समुद्राच्या रेतीतले मीठ दर पावसाळ्यात हवेतून पाणी ओढते, भिंतीला लोणा लागतो, रंगाचे पापुद्रे सुटतात आणि कॉलममधली सळई आतून गंजते. क्रश सँड किंवा धुतलेली नदीची रेतीच घ्या. बांधकामाची परवानगी आणि किनारा नियमनाची रेषा यांचा प्रश्न रंगाच्या बराच आधी सुटलेला असायला हवा, हे वेगळे सांगायला नको.

वायरिंग भिंतीवरच राहू द्या

घरात कन्सिल्ड वायरिंग शोभते. गाळ्यात ते करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गाळ्याच्या भिंतीला आयुष्यभर खिळे, हूक, ब्रॅकेट ठोकले जातात आणि आत वायर कुठून गेली आहे हे दोन वर्षांनी कुणाला आठवत नाही. आज बेंच उजवीकडे आहे, उद्या तो डावीकडे जातो. शिवाय खाऱ्या, दमट भिंतीत झरी मारून गाडलेल्या पाइपात पाणी झिरपले तर दोष शोधायला अख्खी भिंत फोडावी लागते. २५ मिलिमीटरचे जाड पीव्हीसी पाइप भिंतीवरून सरळ उभे-आडवे न्या आणि पाइपाचे पोट निम्म्याहून जास्त भरू नका. पुढेमागे एखादी वायर वाढवायची झाली की ती जागा कामी येते. सॅडल प्लास्टिकचे घ्या, स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्या. त्यातही ३१६ दर्जाचे मिळाले तर उत्तम, कारण मिठापुढे ३०४ सुद्धा काही वर्षांनी तांबूस डाग धरते. साधे पॉलिश केलेले स्क्रू पहिल्याच पावसाळ्यात गंजाचे ओघळ सोडतात आणि नव्या रंगावर तेच आधी डोळ्यात भरतात.

भिंतीला प्रायमर आणि रंगाचा पहिला हात झाला की मग पाइप ठोकावेत. शेवटचा हात वायरमनचे काम संपल्यावर. पाइपामागची भिंतही त्यामुळे रंगलेली राहते. बोर्डांच्या पट्ट्या आणि स्विच मात्र सगळ्यात शेवटी बसवा. रंगाचे थेंब सॉकेटच्या भोकात गेले की प्लग नीट बसत नाही, आणि ढिला प्लग तापतो.

आता भाराचा विचार. मीरा-भाईंदरला वीज महावितरणची नसते. अदानी इलेक्ट्रिसिटी किंवा टाटा पॉवर यांच्यापैकी जिचे बिल तुमच्याकडे येते त्या बिलावर मंजूर भार छापलेला असतो. तो आधी वाचा. एक अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर चालताना सुमारे एक किलोवॅट खातो, अँगल ग्राइंडर पाऊण ते एक, ड्रिल अर्धा-पाऊण. एकट्या माणसाच्या गाळ्यात यातली दोनच यंत्रे एका वेळी चालतात, त्यामुळे सगळ्यांची बेरीज करून घाबरण्याचे कारण नाही. गणित बिघडवते ते वेल्डिंग मशीन. हातात उचलता येणारी इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन तीन मिलिमीटरच्या आसपासची रॉड जाळतानासुद्धा पंधरा-अठरा अँपिअर मागते आणि पूर्ण जोरात चालवली तर तीसच्या आसपास जाते. तिला वेगळी लाइन, वेगळा एमसीबी आणि मोठे इंडस्ट्रियल सॉकेट द्या. घरातल्या १६ अँपिअरच्या प्लगवर ती कायमची चालवू नका. मंजूर भार अपुरा असेल तर वाढवून घेण्याचा अर्ज करा. स्वतःची होडी, स्वतःची गाडी दुरुस्त करणे ही एक गोष्ट. चार लोकांची इंजिने पैसे घेऊन उघडायला लागलात की घरगुती दर चालत नाही. वीज कायदा २००३च्या कलम १२६ खाली अशा वापराची आकारणी लागू दराच्या दुपटीने होते.

पालीत घरे खेटून आहेत. मीटर पुढच्या भिंतीवर आणि गाळा मागच्या अंगाला, मधे २५-३० मीटर वायर, हे नेहमीचे चित्र. इथे वायरमन १.५ चौरस मिलिमीटरची वायर ओढून मोकळा होतो आणि मग कॉम्प्रेसर नुसता गुरगुरतो, सुटत नाही. कारण सोपे आहे. एक अश्वशक्तीची मोटर सुरू होताना क्षणभर ३५ अँपिअरच्या घरात करंट ओढते. तेवढ्या करंटला ३० मीटर लांबीच्या १.५ च्या वायरीत सुमारे ३० व्होल्ट वाटेतच जिरतात. ४ चौरस मिलिमीटरची वायर घातली तर तोटा १२ व्होल्टच्या आत राहतो. म्हणून दिव्यांना १.५, साध्या सॉकेटना २.५, यंत्रांच्या १६ अँपिअर सॉकेटना ४, आणि मीटरपासून गाळ्याच्या डीबीपर्यंत (वितरण बोर्डापर्यंत) ६ किंवा वेल्डिंग असेल तर १० चौरस मिलिमीटर असे धरावे. वायर तांब्याची आणि आयएसआय शिक्क्याची. मोटर ज्या लाइनवर आहे तिथे सी प्रकारचा एमसीबी लावा. बी प्रकारचा एमसीबी मोटर सुरू होतानाच्या धक्क्याला पडू शकतो.

वायरमनशी ज्या एका मुद्द्यावर अडून बसायचे तो आरसीसीबीचा. ‘काका, एमसीबी बसवलाय की, आता काय होतंय?’ असे तो म्हणेल. एमसीबी वायर वाचवतो, माणूस वाचवत नाही. १६ अँपिअरचा एमसीबी पडायला १६ अँपिअरहून जास्त करंट लागतो. माणसाच्या छातीतून त्याचा शंभरावा भाग गेला तरी जीव जाऊ शकतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी फेज आणि न्यूट्रलमधल्या करंटची सतत तुलना करतो, फरक पडला की सेकंदाच्या छोट्याशा भागात लाइन तोडतो. ओल्या कोब्यावर उभे राहून ग्राइंडर धरणाऱ्याला त्याच्याशिवाय दुसरा रखवालदार नाही. पण अख्ख्या गाळ्याला एकच आरसीसीबी ठेवू नका. कटर चालू असताना तो पडला तर दिवेही जातात आणि अंधारात पाते काही सेकंद फिरतच राहते. दिवे एका आरसीबीओवर (आरसीसीबी आणि एमसीबी एकाच डबीत), यंत्रे दुसऱ्यावर ठेवा. थोडा खर्च वाढतो, तो करावा.

पावसात आरसीसीबी सारखा पडतो म्हणून तो काढून थेट जोडणारे लोक आहेत. तो पडतो याचा अर्थ कुठल्यातरी बोर्डात मीठ आणि ओल मिळून करंट जमिनीत गळतो आहे. एकेक लाइन बंद करून बघा, दोषी बोर्ड सापडतो. बहुतेक वेळा तो समुद्राच्या बाजूच्या भिंतीवरचा किंवा शटरजवळचा निघतो. त्या बाजूला आयपी ६५ दर्जाचे झाकणाचे बॉक्स वापरा आणि पाइप नेहमी खालून आत घ्या. वरून आत आलेल्या पाइपातून पाणी थेट टर्मिनलवर उतरते. पितळी टर्मिनलवर हिरवा थर चढतो, स्क्रू ढिले होतात, म्हणून दरवर्षी मे महिन्यात मेन बंद करून सगळे टर्मिनल एकदा आवळून घ्यायचे. मे हाताशी ठेवा म्हटले ते यासाठीही.

लाकूड कापायचे टेबल, बेंच ग्राइंडर अशा एका जागी बसवलेल्या यंत्रांना नो-व्होल्ट स्टार्टर हवा. वीज जाते, माणूस यंत्राचा स्विच बंद करायला विसरतो, पात्यात अडकलेला तुकडा काढायला हात घालतो आणि वीज येते. हा स्टार्टर असला की वीज आली तरी हिरवे बटण पुन्हा दाबेपर्यंत यंत्र फिरत नाही.

सॉकेट जमिनीपासून चार फुटांवर, बेंचच्या वर. पाणी शिरले तरी वर राहतात, आणि दुसरे कारण जास्त महत्त्वाचे आहे. होडीच्या इंजिनाचे पेट्रोल, थिनर यांची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते. खालच्या सॉकेटमधली एक ठिणगी तिला पुरते. पेट्रोलचे कॅन गाळ्यात ठेवूच नयेत हे खरे, पण खोललेल्या इंजिनाच्या टाकीत थोडेफार उरतेच. वेल्डिंगचा कोपरा आणि इंजिन उघडायचा कोपरा एक असू नये. भिंतीत खाली एक आणि वर एक अशी हवेची जाळी ठेवा.

छप्पर पत्र्याचे असेल तर एक गोष्ट काटेकोर पाळा. पत्र्याला किंवा लोखंडी अँगलला घासणारी एकही उघडी वायर नको. पाऊस, वारा, उंदीर यांनी वरचे आवरण गेले की अख्खा पत्रा, त्याचे खांब आणि खांबाला बांधलेली कपड्यांची तारसुद्धा जिवंत होते. वायर पाइपातूनच न्या आणि छपराचा लोखंडी सांगाडा जाड हिरव्या वायरीने अर्थिंगला जोडा.

अर्थिंग घराचे आहे म्हणून गाळ्याला वेगळे बघायला नको, असे समजू नका. खारी, ओली जमीन करंट उत्तम वाहून नेते, त्यामुळे इथे अर्थिंगचे आकडे पहिल्या वर्षी छान येतात. पण तीच जमीन जीआय पाइप खाऊन टाकते. तांब्याचा जाड मुलामा दिलेली रॉड घ्या, तिचे जोड तपासता येतील असा छोटा चेंबर वर ठेवा आणि दर दोन वर्षांनी अर्थ टेस्टरने मोजून घ्या.

हे सगळे वाचून स्वतः स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायचा उत्साह आला असेल तर आवरा. पाइप ठोकणे, खुणा करणे, रंग देणे घरच्या माणसांनी करावे. जोडणी मात्र परवानाधारक विद्युत कंत्राटदारानेच करायची, असा कायदाच आहे.

उजेड निम्मा भिंतीत असतो

दहा बाय वीस फुटांच्या गाळ्याला बारीक कामासाठी साधारण ३०० लक्स उजेड लागतो. २० वॉटची एलईडी बॅटन सुमारे २००० ल्युमेन देते. भिंती आणि छत पांढरे असतील तर पाच बॅटन पुरतात. राखाडी, उघड्या गिलाव्याच्या भिंती ठेवल्या तर सात लावूनही बेंचखाली अंधारच. म्हणजे पांढरा रंग हा वायरिंगच्या खर्चातला भाग समजा. बॅटन मधोमध एका रांगेत लावल्या की काम करणाऱ्याची सावली त्याच्याच हातावर पडते. दोन रांगा कराव्यात, एक बेंचच्या पुढच्या कडेच्या बरोबर वर. फार स्वस्त एलईडी लुकलुकतात. त्या उजेडात फिरणारे पाते कधीकधी थांबल्यासारखे दिसते, म्हणून यंत्राजवळचा दिवा चांगल्या ड्रायव्हरचा असू द्या.

भिंतीला लांबी भरू नका. रंगारी आग्रह करेल, कारण लांबी भरून पॉलिश पेपर मारला की भिंत काचेसारखी दिसते आणि त्याचे बिलही वाढते. गाळ्यात मात्र एक पाना निसटून लागला की लांबीचा टवका उडतो, ओल धरली की ती फुगते. गिलाव्याचे खरखरीत दाणे घासून घ्या, धूळ झाडा, भेगा तेवढ्या बुजवा. अल्कली सोसणारा प्रायमर एक हात आणि बाहेरच्या भिंतीचा, म्हणजे एक्स्टिरिअर दर्जाचा इमल्शन आतून दोन हात. आत बाहेरचा रंग लावला तर दुकानदार हसेल, हसू द्या. बुरशीला तोच जास्त टिकतो. दोन हातांना किती रंग लागेल याचा अंदाज डब्यावरच्या आकड्यावरून धरा, खरखरीत भिंतीला थोडा जास्त.

पैसे कमी असतील तर चुना वाईट नाही. चांगला विरवलेला चुना बुरशी येऊ देत नाही, भिंतीला श्वास घेऊ देतो आणि पांढरा म्हणून उजेडही परततो. कपड्याला लागतो आणि दरवर्षी काढावा लागतो एवढाच त्याचा दोष. पहिल्या पावसाळ्यात भिंत कुठे ओल धरते हे कळेपर्यंत नुसता चुना मारणे आणि पुढच्या फेब्रुवारीत इमल्शन लावणे, हा मला पक्का शहाणपणाचा मार्ग वाटतो. चुन्यावर थेट इमल्शन मात्र लावू नये. तो खरवडून, ब्रशने काढूनच पुढचा हात.

खालच्या चार फुटांना ऑइल पेंटचा पट्टा मारायची पद्धत आहे. तेल, ग्रीस पुसता येते, म्हणून ती चांगलीही आहे. पण नव्या भिंतीला पहिल्या वर्षी मारू नका. ऑइल पेंट ओल बाहेर सोडत नाही. खालून चढणारे पाणी त्यामागे अडकून फोड येतात. एक पावसाळा जाऊ द्या. रंग घेताना डब्यावर शिसे ९० पीपीएमच्या आत असल्याची नोंद आहे का बघा. घरगुती रंगांना नोव्हेंबर २०१७ पासून ही मर्यादा लागू आहे, औद्योगिक वापराच्या रंगांना नाही.

बाहेरून नैर्ऋत्येकडची भिंत सगळा पाऊस झेलते. तिच्या केसासारख्या भेगासुद्धा बुजवून मगच रंग द्या. बीम आणि विटांच्या सांध्यावर जाळी मारून गिलावा केलेला नसेल तर भेग तिथूनच येणार.

शटर आणि ग्रिलला होडीचाच नियम. आधी गोड्या पाण्याने धुवायचे. मिठाचा अदृश्य थर रंगाखाली राहिला की वरून कितीही भारी रंग लावा, महिन्याभरात गंज वर येतो. धुवून, वाळवून, तारेच्या ब्रशने घासून त्याच दिवशी प्रायमर लावा. रात्रभर उघडे ठेवलेले लोखंड सकाळी पुन्हा तांबूस झालेले असते. नुसत्या रेड ऑक्साइडपेक्षा झिंक असलेला इपॉक्सी प्रायमर इथे जास्त टिकतो. शटरची सगळ्यात खालची पट्टी आतूनही रंगवा. ती आधी जाते.

जमिनीला चकचकीत इपॉक्सी मारलेले गाळे फोटोत सुरेख दिसतात. कोब्याखाली जाड प्लास्टिक अंथरलेले नसेल तर पालीत ते सुटेल. घट्ट, शटरकडे किंचित उतार दिलेला साधा कोबा, वर हार्डनर, एवढे पुरे. डीबीसमोर मात्र एक मीटर जागा पिवळ्या रंगाने आखा आणि तिथे जाळ्यांचा ढीग, टायर, डबे काही ठेवू देऊ नका.

काम संपले असे वायरमन म्हणेल तेव्हा त्याच्याकडून ५०० व्होल्टच्या मेगरने इन्शुलेशन मोजून घ्या. एक मेगओहमपेक्षा कमी चालत नाही आणि नव्या कामात आकडा त्याच्या कितीतरी वर यायला हवा. अर्थिंगचा आकडा, तारीख आणि परवान्याचा क्रमांक असलेला टेस्ट रिपोर्ट कागदावर मागा. प्रत्येक आरसीसीबीचे टेस्टचे बटण तुमच्यासमोर दाबायला लावा आणि पुढे दर महिन्याला स्वतः दाबत जा. रंगाचा शेवटचा हात आणि वायरमनचा शेवटचा हप्ता, दोन्ही त्यानंतर.